तळणाचे शिंतोडे

तळणाच्या शिंतोड्यांवर एक स्वतंत्र भाषण योजावे, हे ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर स्मित उमटल्यावाचून राहणार नाही. साहित्य, इतिहास, शेती, आरोग्य अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत या विषयासाठी पाट मांडणे कोणास चमत्कारिकही वाटेल. परंतु ज्या घरात आठवड्यातून दोन वेळा कढई चढते, त्या घरातील गृहिणीस हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. तळण खाणारांची पंगत अर्ध्या तासात उठते. ओटा, भिंत, शेगडी आणि फरशी यांवरचा ओशटपणा काढण्यात मात्र तिचा पुढचा तास जातो. शिवाय तापलेल्या तेलाचा एक थेंब मनगटावर पडला, तर त्याचा डाग महिनोन्महिने राहतो. आणि तोच थेंब ओट्याशी उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर काय होईल, हे बोलून दाखवावयास नको.

सोलापूरसारख्या शहरात या प्रश्नास आणखी एक अंग आहे. हे शहर पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी शहरास मिळते खरे; पण नळास काही दिवसांआड पाणी येणे ही गोष्ट सोलापूरकरांच्या गेल्या कित्येक वर्षांच्या परिचयाची आहे. जेथे पिंपातले पाणी तांब्याने मोजून वापरावे लागते, तेथे भिंतीवर उडालेला तेलाचा प्रत्येक शिंतोडा पाणी मागतो, साबण मागतो आणि कोणाचे तरी श्रम मागतो. म्हणून शिंतोडे पुसावे कसे, यापेक्षा ते मुळात उडू द्यावयाचे नाहीत ते कसे, हाच खरा प्रश्न होय.

समजा, सोलापुरातील एका घरात रविवारची सकाळ आहे. घर मांसाहारी, रविवारी मटण आणावयाचे, हा तेथील जुना नेम. पुण्यास नोकरी करणारा नातू सुटीला आला आहे, आणि येताना त्याने बेकनचे एक पाकीट बर्फाच्या डब्यात घालून आणले आहे. बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडील किंवा पाठीकडील मांस मिठात मुरवून त्याच्या काढलेल्या पातळ पट्ट्या. इंग्रजी न्याहारीत अंड्यांच्या जोडीला हा पदार्थ असतो. "आजी, आजची न्याहारी माझ्याकडे. तू नुसती बसून पाहा," असे म्हणून तो ओट्याशी उभा राहतो. तवा धूर निघेपर्यंत तापवतो आणि थंडगार, ओलसर पट्ट्या त्यावर एकदम टाकतो.

पुढे जे व्हावयाचे तेच होते. तव्यावर तडतडाट सुरू होतो. चरबीचे शिंतोडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेपर्यंत जाऊन पोहोचतात. मुलगा घाईघाईने तव्यावर झाकण ठेवतो आणि दोन मिनिटांनी उचलतो, तो झाकणाखाली साचलेले पाणी धारेने तव्यात उतरते व पहिल्याहून मोठा भडका शिंतोड्यांचा उडतो. अखेरीस ताटात आलेल्या पट्ट्या कडेने करपलेल्या आणि मध्ये वातड. इतक्यात त्याची आई आत येते. ती ओट्याकडे पाहते, मग पिंपाकडे पाहते; नळाला पाणी यावयास अजून दोन दिवस आहेत. ती काहीच बोलत नाही, फडके मात्र हाती घेते.

आजी तेवढी एक प्रश्न करते : "अरे, लोणी कढवताना मी कढई आधी तापवते का रे?"

या एका प्रश्नात सगळ्या विषयाचे सार आले आहे. पण ते उलगडावयाचे तर आधी शिंतोडा म्हणजे काय, हे समजून घ्यावयास हवे.

कढईतून उडते ते तेल. परंतु त्यास उडवते ते पाणी. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळते, आणि तळणाचे तेल साधारणतः १६० ते १९० अंशांपर्यंत तापलेले असते. अशा तेलात पाण्याचा थेंब पडला, की तेलाहून जड असल्यामुळे तो खाली जाऊ पाहतो, आणि खाली जाता जाताच त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. एक लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर पाणी घेतले, तर त्याची वाफ ८ लिटरांहून अधिक होते. एवढी वाफ क्षणार्धात तेलाच्या पोटातून बाहेर पडावयाची, तर ती वरचे तेल भिरकावूनच बाहेर पडणार. तेल स्वभावतः शांत आहे. कोरडे तेल कितीही तापवले तरी ते धुमसते, धूर ओकते, प्रसंगी पेटही घेते. पण तडतडत नाही.

याचे पुरावे प्रत्येक स्वयंपाकघरात आहेत. फोडणीतील मोहरी तडतडते ती तिच्या पोटातील ओलाव्यामुळे. अख्खी हिरवी मिरची तेलात टाकली तर ती बंदुकीच्या बारासारखी फुटते; तिला उभी चीर दिली की तीच मिरची निमूटपणे तळली जाते, कारण वाफेला वाट मिळते. उपवासाचा साबुदाणावडा कधी कधी कढईतच फुटून तेल चहूकडे उडवतो. साबुदाणा जास्त भिजलेला असला, किंवा वडा वरून आवळला जाऊन आत वाफ कोंडली, म्हणजे असे होते. हे अपघात वेगवेगळे दिसले तरी त्यांचे कारण एकच : पाण्याला सावकाश निघून जाण्यास सवड मिळाली नाही.

आता आजीच्या लोण्याकडे वळू या. बाजारी लोण्यात निदान ८० टक्के स्निग्धांश असावा व पाणी १६ टक्क्यांहून अधिक नसावे, असा आपल्याकडील नियम आहे. घरी ताक घुसळून काढलेल्या लोण्यात तर पाणी याहूनही जास्त असते. म्हणजे लोणी कढवणे हे खरे पाहता लोण्यातील पाणी घालवणे होय. जुनी गृहिणी थंड कढईत लोणी घालते आणि मंद आच ठेवते. लोणी वितळते, वर फेस धरते, मग त्याचा एक संथ, एकसारखा आवाज सुरू होतो. हा आवाज पाणी जात असल्याचा. तो ओसरला, की पाणी संपले. आणि त्यानंतरच बेरी तांबूस होऊन तुपाचा वास घरभर दरवळतो. जोवर कढईत पाणी पुरेसे आहे, तोवर आतील उष्णतामान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही; पाणी हेच तेथे पहारेकरी असते. हेच लोणी जर कोणी कडकडीत तापलेल्या कढईत टाकले, तर काय गोंधळ उडेल, याची कल्पना कोणासही करता येईल. लोणी अशा रीतीने कोणी कढवत नाही. पण मांस, मासे आणि भाज्या यांच्या बाबतीत मात्र तीच चूक रोज घडते.

बेकनची पट्टी म्हणजे आजीच्या दृष्टीने लोण्याचीच बहीण. तिच्यात चरबी आहे आणि पाणीही आहे. तिची चरबी फार उष्णता मागत नाही. ४० अंशांच्या सुमारास ती मऊ पडून वितळू लागते. म्हणून तिच्यासाठीही थंड तवाच योग्य. पट्ट्या एकमेकींवर न चढवता थंड तव्यावर शेजारी शेजारी मांडाव्या, आणि मग खाली मंद आच लावावी. पहिल्या काही मिनिटांत चरबी पाझरू लागते व पट्टी स्वतःच्याच तुपात पडते. वेगळे तेल घालावे लागत नाही. पाणी हळूहळू वाफ होऊन जाते. मग पट्टी उलटावी. जाडीप्रमाणे १० ते १५ मिनिटांत ती खमंग होते. जड बुडाचा बिडाचा तवा यास उत्तम, कारण त्याची उष्णता एकदम चढत नाही.

दुसरी एक रीत प्रथमदर्शनी उलटी वाटेल. पट्ट्या जेमतेम भिजतील इतके पाणी प्रथमच तव्यात घालावयाचे आणि मग तो तापवावयाचा. पाणी हा शिंतोड्यांचा शत्रू की मित्र, असा प्रश्न येथे साहजिक पडेल. परंतु भय आहे ते तापलेल्या चरबीत पडणाऱ्या पाण्याचे. पाण्यात तापणाऱ्या चरबीचे नव्हे. येथे पाणी आहे तोवर तवा शंभर अंशांपाशी रोखला जातो, तेवढ्यात चरबी शांतपणे सुटते, आणि पाणी आटल्यावर आच कमी करून पट्टी सावकाश खरपूस करता येते. लोणी कढवताना जे आपोआप घडते, तेच येथे हेतुपूर्वक घडवले जाते.

ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे, त्यांनी उंच काठाच्या ताटलीत पट्ट्या मांडून २०० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजाव्या. चार-सहा माणसांसाठी एकाच वेळी करावयाचे असल्यास ही रीत सर्वांत सोयीची. उष्णता चहूकडून लागत असल्याने पट्टी उलटण्याचीही गरज सहसा पडत नाही, आणि जे काही उडते ते भट्टीच्या आतच राहते. ताटलीत चांदीसारखा कागद किंवा भाजणीचा कागद अंथरला, तर धुण्याचे कामही उरत नाही. मात्र साचलेली चरबी बाहेर काढताना ताटली आडवी होऊ देऊ नये.

कोणतीही रीत घ्या, पदार्थास तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो पाणी गेल्यानंतरच. हा रंग म्हणजे पदार्थातील प्रथिने व साखर यांच्या संयोगाची करामत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव पडले. ती १४० अंशांच्या आसपास जोमाने चालू लागते. पृष्ठभागावर पाणी असेतो तेथील उष्णता शंभरापुढे सरकत नाही, आणि म्हणून रंगही येत नाही. यावरून असे दिसते, की स्वच्छता आणि चव या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. जो ओलावा ओटा घाण करतो, तोच पदार्थाची चवही मारतो.

येथे झाकणाविषयी दोन शब्द. शिंतोडे उडू लागले की पूर्ण झाकण ठेवावे, ही पहिली बुद्धी. पण तळणाच्या बाबतीत ती घातक ठरते. वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होते आणि तेलात टपकते. त्याऐवजी तारेची बारीक जाळी वापरावी. जाळीतून वाफ निघून जाते आणि तेलाचे थेंब अडतात. जाळी नसल्यास झाकण तिरके ठेवून वाफेला वाट द्यावी, आणि उचलताना ते सरळ वर न उचलता स्वतःपासून दूर बाजूस कलते करून उचलावे.

पाणी घालवण्याचे काम चुलीवरच व्हावे असे नाही. ते उन्हातही होते, आणि ही विद्या या भागास कोणी शिकवावयास नको. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात चैत्र-वैशाखात घरोघरी कुरडया, सांडगे, पापड वाळतात. वाळवणाचे तळण किती निर्धास्त असते! कुरडई तेलात पडताच फुलते, पण तेल उडवत नाही. तिच्यात राहिलेला थोडका ओलावा तिला फुलवण्यापुरताच असतो. सोलापूरची प्रसिद्ध कडक भाकरी तरी काय? ज्वारीच्या भाकरीतील पाणी आचेवर पुरते घालवले, की ती पापडासारखी कुरकुरीत होते आणि कित्येक दिवस टिकते.

मांसाच्या बाबतीतही हीच विद्या शेजारच्या मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या नांदली आहे. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, त्या दोरीवर टांगून उन्हात कडक वाळवावयाच्या. या पट्ट्यांना चान्या म्हणतात. महार व मांग समाजांच्या घरी, जेथे मांस मिळे तेव्हा पुष्कळ मिळे आणि एरवी मुळीच मिळत नसे, तेथे या चान्यांनी अडीअडचणीचे दिवस निभावले. मराठवाड्यातील या समाजांच्या अन्नाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या ग्रंथात केली आहे. शहरातील सुशिक्षित घरांनी या पदार्थाचे नावही फारसे उच्चारले नाही. पण परदेशी बेकनचे पाकीट जे घर कौतुकाने उघडते, त्याने हेही ध्यानात घ्यावे, की मांसाची पट्टी टिकवण्याची विद्या समुद्रापलीकडून यावयाची राहिली नव्हती. ती शेजारच्या जिल्ह्यातच होती, आणि ज्यांच्यापाशी होती त्यांना तिचे श्रेय मिळाले नाही. वाळलेली चानी तव्यावर पडली, तर शिंतोडे उडवावयास तिच्यापाशी पाणीच नसते.

बेकनमध्येही हा भेद आहे. कोरडे मीठ चोळून मुरवलेले बेकन आणि खाऱ्या पाण्यात बुडवून मुरवलेले बेकन, असे त्याचे दोन प्रकार. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात कॅल्न या गावी हॅरिस कुटुंबाने खाऱ्या पाण्याची पद्धत रूढ केली. तिने बेकन सौम्य व कमी खारट होऊ लागले. पुढे कारखान्यांतून मांसात सुईने खारे पाणी भरण्याचीही पद्धत आली. अशा स्वस्त बेकनमधून तव्यावर पांढरट फेसाळ पाणी सुटते, आणि तेच अधिक तडतडते. म्हणून पाकीट घेताना कोरडे मुरवलेले मिळाल्यास ते घ्यावे; न मिळाल्यास पट्ट्या तव्यावर मांडण्यापूर्वी टिपून घ्याव्या.

टिपण्यास काय वापरावे, हे सोलापूरकरास सांगावयास नको. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. टॉवेलाच्या पृष्ठभागावर सुताचे जे असंख्य बारीक फास असतात, त्यांमुळे तो पाणी झटकन शोषतो. स्नानगृहात जी वस्तू अंग पुसते, तिचाच एक लहान, स्वच्छ, निराळा ठेवलेला तुकडा स्वयंपाकघरात असावा. बटाट्याच्या काचऱ्या, कारल्याच्या चकत्या, भेंडी, माशाचे तुकडे, सर्व काही तेलात जाण्यापूर्वी त्याने टिपून घ्यावे. कच्च्या मांसमच्छीस वापरलेला तुकडा मात्र लगेच गरम पाण्याने व साबणाने धुवावा, भाजीस लावू नये. मासा टिपल्यावर रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवावा. पीठ उरलासुरला ओलावा धरून ठेवते. ज्यांच्या घरी मांसमच्छी चालत नाही, त्यांनीही या उपायांचा उपयोग करावा. कारण पाणी शाकाहारी आणि मांसाहारी असा भेद करीत नाही.

आणखी तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरे. कढई खोल घ्यावी व ती निम्म्याहून अधिक भरू नये. एका वेळी थोडेच घाणे सोडावे. पुष्कळ जिन्नस एकदम पडल्यास वाफ एकदम उठते व तेल फेसाळून काठापर्यंत येते. आणि जिन्नस उंचावरून टाकू नये. तो कढईच्या कडेने, स्वतःपासून दूर, अलगद सोडावा. पुष्कळांस हात भाजण्याचे भय वाटते म्हणून ते लांबून टाकतात, आणि त्यामुळेच भाजतात.

इतके करूनही अपघात होऊ शकतो. भारतात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. तेव्हा दोन नियम घरातील प्रत्येकास, शाळकरी मुलांसही, पाठ असावे. पहिला भाजल्याविषयी. भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी २० मिनिटे सोडावे. नळ कोरडा असेल तर पिंपातले पाणी तांब्याने ओतत राहावे. त्या वेळी पाण्याची काटकसर करू नये. हाताला सूज येण्यापूर्वी बांगड्या व अंगठी उतरवावी. हळद, शाई, दात घासण्याचे मलम, लोणी किंवा बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापडाने सैलसर झाकून डॉक्टरांकडे न्यावे. दुसरा नियम पेटलेल्या तेलाविषयी. त्यावर पाणी कदापि ओतू नये. शिंतोड्यांचे जे कारण वर सांगितले, तेच येथे शतपट होऊन पेटते तेल छतापर्यंत उसळते. गॅस बंद करावा, धातूचे सपाट झाकण किंवा थाळी बाजूने सरकवत कढईवर ठेवावी, आणि ती पुरी निवेपर्यंत उघडू नये, हलवू नये. आग आवरत नसेल तर घरातील सर्वांना बाहेर काढून १०१ या क्रमांकावर कळवावे.

राहता राहिली आवराआवर. तेलाचा डाग कोमट असतानाच कोरड्या कागदाने टिपला, तर नव्वद टक्के काम पाण्यावाचून होते. तो थंड होऊन थिजला, म्हणजे तेच काम दुप्पट होते. म्हणून प्रथम कोरडा कागद, मग साबणाचे ओले फडके, आणि शेवटी साधे ओले फडके, असा क्रम असावा. पूर्वी ओशट भांडी राखेने घासत, त्यातही शास्त्र होते. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार असतो. तो चरबीशी मिळून थोडा साबणच तयार करतो. चुली गेल्या तशी राखही गेली. पण धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून वापरल्यास तेच कार्य होते. मात्र ॲल्युमिनिअमची भांडी सोड्याने काळवंडतात, हे ध्यानात असावे.

उरलेली चरबी अथवा तेल मोरीत ओतू नये. ते नळीत थिजते आणि चार महिन्यांनी सगळ्या घराची मोरी तुंबते. बेकनची चरबी कोमट असताना गाळून बरणीत भरावी व शीतकपाटात ठेवावी. बटाटे परतण्यास किंवा अंड्याच्या पोळीस ती उत्तम लागते. तळणाचे तेल मात्र पुनःपुन्हा तापवू नये. तेल जितके तापते तितके त्यात अपायकारक घटक साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा घटकांची मर्यादा २५ टक्के ठरवली, आणि त्यापुढचे तेल स्वयंपाकास अयोग्य मानले. घरात हे मोजण्याचे यंत्र नसते. पण तेल काळसर झाले, चिकट झाले, लवकर धुरावू लागले किंवा त्यास खवट वास आला, तर ते टाकण्याची वेळ झाली असे समजावे. मुळात कढई लहान घेऊन तेल थोडके घातले, तर टाकावयाचे तेलही थोडकेच राहते.

आता पुन्हा त्या रविवारच्या घरी जाऊ. आजीच्या प्रश्नावर नातू क्षणभर गप्प राहिला. पाकिटात अजून निम्म्या पट्ट्या होत्या. त्याने तवा पुसला, तो निवू दिला, पट्ट्या टिपून त्यावर शेजारी शेजारी मांडल्या, आणि मग खाली बारीक आच लावली. आजी खुर्ची ओढून जवळ बसली. प्रथम बराच वेळ काहीच घडेना, तेव्हा तो आच वाढवावयास निघाला. तिने नुसता हात आडवा केला. मग तुपाचा असतो तसाच संथ आवाज सुरू झाला, ओसरला, आणि पट्ट्या कडेपासून मध्यापर्यंत एकसारख्या तांबूस झाल्या. दिनदर्शिकेवर एकही नवा डाग पडला नाही.

न्याहारी झाल्यावर त्याने आईच्या हातातून फडके घेतले आणि सकाळचा ओटा स्वतः पुसावयास घेतला. थिजलेली चरबी सहजी निघत नाही, हे त्यास त्या दिवशी प्रथम कळले. तळणाची ही सारी विद्या शिकवण्याचा खरा उपाय कदाचित एवढाच असेल : ज्याने तळले, त्यानेच ओटा पुसावा. असा नियम घरात एकदा लागू झाला, की थंड तवा, मंद आच आणि कोरडे फडके यांची आठवण कोणास करून द्यावी लागणार नाही.